संभावनार्थ व केवल तुमंत, इंग्रजीतील

इंग्रजी क्रियापदाचे, रूपाने बहुधा सारखे परंतु कार्याने भिन्न असे दोन प्रकार. संभावनार्थ म्हणजे इंग्रजीत ज्याला ‘सब्जंक्टिव्ह मूड’ म्हणतात तो क्रियापदाचा अर्थ होय. त्यातून घडलेल्या वा घडणाऱ्या गोष्टीचे कथन होत नाही. इच्छा, मागणी, शिफारस, आशीर्वाद, भीती किंवा कल्पना व्यक्त होते. केवल तुमंत म्हणजे ‘टू’ हा शब्द मागे न लागलेले ‘इन्फिनिटिव्ह’. हे धातुसाधित असल्यामुळे त्याला स्वतंत्र आख्याताचा दर्जा नसतो. ते दुसऱ्या एखाद्या क्रियापदावर अवलंबून राहते. ‘आय इन्सिस्ट दॅट ही गो’ म्हणजे ‘त्याने जावे असा माझा आग्रह आहे’. ‘आय मेड हिम गो’ म्हणजे ‘मी त्याला जायला लावले’. दोन्ही वाक्यांत ‘गो’ हेच रूप आहे. पहिल्यातील संभावनार्थाचे असून दुसऱ्यातील केवल तुमंत आहे. नुसत्या रूपावरून हा भेद कळत नाही. तो वाक्याच्या रचनेवरून, विशेषतः कर्त्याच्या विभक्तीवरून कळतो.

परिभाषा : वक्त्याचा क्रियेकडे पाहण्याचा दृष्टिकोन क्रियापदाच्या रूपातून व्यक्त होतो, तेव्हा मराठी व्याकरणात त्याला ‘अर्थ’ म्हणतात. मराठीत स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ सांगण्याची परंपरा आहे. ‘तो जातो’ हा स्वार्थ, ‘तू जा’ हा आज्ञार्थ, ‘त्याने जावे’ हा विध्यर्थ आणि ‘तो गेला असता तर’ हा संकेतार्थ. इंग्रजी संभावनार्थाचे क्षेत्र यांपैकी कोणत्याही एकाशी तंतोतंत जुळत नाही. मागणी व शिफारस यांसाठी मराठीत विध्यर्थ येतो. आशीर्वादासाठी ‘देव तुझे भले करो’ यातील ‘करो’ सारखे रूप येते. अवास्तव कल्पनेसाठी संकेतार्थ येतो. म्हणून या नोंदीत संभावनार्थ ही निराळी संज्ञा वापरली आहे.

तुमंत ही संज्ञा संस्कृत व्याकरणातील ‘तुमुन्’ या प्रत्ययावरून आली आहे. ‘गन्तुम्’ म्हणजे ‘जाण्यासाठी, जायला’. इंग्रजी तुमंताचे दोन प्रकार आहेत. ‘आय वाँट टू गो’ यातील ‘टू गो’ हे सटू तुमंत व ‘आय कॅन गो’ यातील ‘गो’ हे केवल तुमंत. सटू तुमंताची संभावनार्थाशी गल्लत होत नाही, कारण ‘टू’ ही त्याची उघड खूण आहे. गोंधळ होतो तो केवल तुमंताच्या बाबतीत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : ही दोन रूपे आज सारखी दिसत असली, तरी मुळात ती एक नव्हती. प्राचीन इंग्रजीत, म्हणजे सु. ४५० ते ११०० या कालखंडातील भाषेत, त्यांचे प्रत्यय वेगळे होते. ‘गाणे’ या अर्थाच्या धातूचे तुमंत ‘सिंगन’ असे होई. वर्तमानकाळी संभावनार्थाचे एकवचन ‘सिंगे’ व अनेकवचन ‘सिंगेन’ असे होई. स्वार्थात तृतीय पुरुषी एकवचन ‘सिंगेथ’ असे असे. तुमंत हे मूळचे क्रियावाचक नाम होते. त्यामुळे त्याला पुरुष वा वचन नव्हते. संभावनार्थ हे खरे आख्यात होते व त्याला वचनभेद होता. तुमंतनामाचे चतुर्थ्यन्त रूप ‘टो’ या शब्दयोगी अव्ययासह ‘टो सिंगेन्ने’ असे वापरले जाई. आजचे सटू तुमंत त्याच्यापासून निघाले आहे.

पुढे मध्य इंग्रजीच्या काळात, सु. ११०० ते १५०० च्या दरम्यान, शब्दान्तीचे आघातहीन स्वर क्षीण होत गेले व अखेर नाहीसे झाले. ‘सिंगन’चे ‘सिंगेन’, मग ‘सिंगे’ आणि शेवटी ‘सिंग’ झाले. संभावनार्थातील ‘सिंगे’ व ‘सिंगेन’ हीही त्याच वाटेने ‘सिंग’ या रूपाला येऊन मिळाली. ‘सिंग’ हे आज्ञार्थी रूप तर आधीच प्रत्ययरहित होते. अशा रीतीने तीन वेगळ्या उगमांचे प्रवाह एकाच रूपात विलीन झाले. स्वार्थाच्या वर्तमानकाळात मात्र तृतीय पुरुषी एकवचनाचा प्रत्यय टिकला. तो आज ‘सिंग्ज’, ‘गोज’, ‘रिसाइड्स’ या रूपांच्या शेवटी ऐकू येतो. परिणामी ‘बी’ हे क्रियापद सोडल्यास वर्तमानकाळी संभावनार्थाची एकच दृश्य खूण उरली : ‘ही’, ‘शी’, ‘इट’ अशा कर्त्यापुढे ‘स्’ हा प्रत्यय नसणे. एखाद्या गोष्टीच्या अभावावरून ओळखावी लागणारी ही खूण असल्यामुळे ती अभ्यासकाच्या नजरेतून सहज निसटते.

जर्मानिक भाषांतील संभावनार्थ हा इंडो-यूरोपीय मूळ भाषेतील इच्छार्थाचा वारस आहे. म्हणून त्याचा संस्कृतातील समकक्ष वैदिक ‘लेट्’ लकार नसून विधिलिङ् आहे. ‘असणे’ या अर्थाच्या क्रियापदाचे प्राचीन इंग्रजीतील संभावनार्थी रूप ‘सिए’, जर्मनमधील ‘झाय’, लॅटिनमधील ‘सित्’ आणि संस्कृतातील ‘स्यात्’ ही एकाच कुळातील रूपे आहेत. आधुनिक इंग्रजीत ‘सिए’ उरले नाही. त्याची जागा ‘बी’ने घेतली आहे. या ‘बी’चा संबंध संस्कृतातील ‘भू’ धातूशी आहे.

शेजारच्या भाषांत हा भेद अद्याप रूपावरून कळतो. जर्मनमध्ये ‘असणे’ याचे तुमंत ‘झाइन’ व संभावनार्थाचे रूप ‘झाय’ आहे. फ्रेंचमध्ये ‘जाणे’ याचे तुमंत ‘आले’ असून ‘त्याने जावे’ या अर्थी ‘किल आय’ असे म्हणतात. त्या भाषांच्या अभ्यासकाला जे रूप शिकावे लागते, ते इंग्रजीच्या अभ्यासकाला रचनेवरून ताडावे लागते.

केवल तुमंताची स्थाने : केवल तुमंत पुढील ठिकाणी आढळते. (१) ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’, ‘शॅल’, ‘विल’ व त्यांची भूतकाळी रूपे या साहाय्यक क्रियापदांनंतर. उदा., ‘ही मस्ट गो’. (२) प्रश्नार्थी व नकारार्थी वाक्यांत येणाऱ्या ‘डू’ या साहाय्यकानंतर. उदा., ‘डज ही गो?’. (३) ‘मेक’, ‘लेट’, ‘हॅव’ या प्रयोजक क्रियापदांनंतर. (४) ‘सी’, ‘हिअर’, ‘फील’, ‘वॉच’ या इंद्रियबोधवाचक क्रियापदांनंतर. उदा., ‘आय सॉ हिम गो’ म्हणजे ‘मी त्याला जाताना पाहिले’. (५) ‘हॅड बेटर’, ‘वुड रादर’ अशा वाक्प्रयोगांनंतर. (६) ‘हेल्प’नंतर विकल्पाने. (७) ‘व्हाय नॉट गो?’ यांसारख्या संक्षिप्त प्रश्नांत.

या ठिकाणी ‘टू’ गाळला जातो, असे शालेय पुस्तकांतून सांगण्याची प्रथा आहे. इतिहासाच्या दृष्टीने ते बरोबर नाही. साहाय्यक क्रियापदांनंतर प्राचीन काळापासून निव्वळ तुमंतच येत असे. ‘टू’चा प्रसार पुढे इतर स्थानी झाला व ही जुनी स्थाने त्यापासून अलिप्त राहिली. ‘ऑट’ हे ‘टू’ घेणारे साहाय्यक क्रियापद त्याला अपवाद आहे.

संभावनार्थाची स्थाने : रँडॉल्फ क्वर्क व त्यांचे सहकारी यांच्या १९८५ मधील बृहद् व्याकरणात संभावनार्थाचे तीन प्रकार मानले आहेत. पहिला आदेशपर. ‘डिमांड’, ‘इन्सिस्ट’, ‘सजेस्ट’, ‘रेकमेंड’, ‘प्रपोज’, ‘मूव्ह’, ‘ऑर्डर’, ‘रिक्वायर’ या क्रियापदांनंतर, तसेच ‘इट इज एसेन्शल’, ‘इट इज नेसेसरी’ यांसारख्या रचनांनंतर ‘दॅट’ने सुरू होणाऱ्या गौण वाक्यात तो येतो. उदा., ‘दे रेकमेंडेड दॅट शी बी अपॉइंटेड’ म्हणजे ‘तिची नेमणूक व्हावी अशी शिफारस त्यांनी केली’. मुख्य क्रियापद भूतकाळी असले तरी गौण वाक्यातील रूप बदलत नाही.

दुसरा प्रकार रूढ वचनांचा. ‘गॉड सेव्ह द किंग’, ‘लाँग लिव्ह द किंग’, ‘सो बी इट’, ‘कम व्हॉट मे’, ‘हेवन फरबिड’ ही वचने जशीच्या तशी टिकली आहेत. ‘गॉड सेव्ह द किंग’चा अर्थ ‘देव राजाला राखतो’ असा नसून ‘देव राजाला राखो’ असा आहे. म्हणूनच तेथे ‘सेव्ह्ज’ असे रूप नाही. १९५२ ते २०२२ या काळात इंग्लंडच्या सिंहासनावर राणी होती, तेव्हा ‘किंग’च्या जागी ‘क्वीन’ आले. क्रियापदाचे रूप मात्र तेच राहिले.

तिसरा प्रकार ‘वेअर’ या रूपाचा. ‘इफ आय वेअर यू’ म्हणजे ‘मी तुझ्या जागी असतो तर’. हा भूतकाळी संभावनार्थाचा अवशेष असून त्यातून अवास्तव कल्पना व्यक्त होते. तुमंताशी त्याचे रूपसाम्य नसल्यामुळे प्रस्तुत प्रश्नात त्याचा अधिक विचार करण्याचे कारण नाही.

यांखेरीज ‘लेस्ट ही फॉल’ म्हणजे ‘तो पडू नये म्हणून’ यासारख्या भयसूचक गौण वाक्यांत आणि ‘इफ नीड बी’ म्हणजे ‘गरज पडल्यास’ अशा जुन्या धाटणीच्या संकेतवाक्यांतही वर्तमानकाळी संभावनार्थ येतो.

भेद ओळखण्याच्या कसोट्या : पहिली व सर्वांत भरवशाची कसोटी कर्त्याच्या विभक्तीची. इंग्रजी नामांना विभक्तिभेद उरलेला नसला, तरी बहुतेक पुरुषवाचक सर्वनामांत तो आहे. प्रथमेत ‘ही’, ‘शी’, ‘वी’, ‘दे’ तर द्वितीयेत ‘हिम’, ‘हर’, ‘अस’, ‘देम’. संभावनार्थ हे आख्यात असल्यामुळे त्याचा कर्ता प्रथमेत असतो : ‘दॅट ही गो’. प्रयोजक वा इंद्रियबोधवाचक क्रियापदानंतरच्या केवल तुमंताचा कर्ता द्वितीयेत असतो : ‘मेड हिम गो’, ‘सॉ देम गो’. कर्ता नाम असेल, तर त्याच्या जागी सर्वनाम घालून पाहावे. ‘आय सजेस्ट द बॉय गो’ यात ‘ही गो’ बसते, ‘हिम गो’ बसत नाही. म्हणून तेथे संभावनार्थ आहे. ‘आय लेट द बॉय गो’ यात ‘हिम’च बसते, म्हणून तेथे केवल तुमंत आहे.

मराठी भाषकाला ही कसोटी अपरिचित वाटू नये. ‘मी जाऊ?’ आणि ‘मला जाऊ दे’ या दोन वाक्यांत ‘जाऊ’ हे एकच रूप आहे. पहिल्यात ‘मी’ हा प्रथमान्त कर्ता असून ‘जाऊ’ हे आख्यात आहे. त्यावर वाक्य पुरे होते. दुसऱ्यात ‘मला’ हे विभक्तियुक्त पद असून ‘जाऊ’ हे ‘दे’वर अवलंबून असलेले धातुसाधित आहे. रूप तेच, विभक्तीवरून त्याचे कार्य ठरते. मराठीत जे आपण नकळत ओळखतो, तेच इंग्रजीत जाणीवपूर्वक ओळखावयाचे असते.

दुसरी कसोटी ‘दॅट’ची. संभावनार्थी गौण वाक्याच्या आरंभी ‘दॅट’ असतो किंवा घालता येतो. ‘आय सजेस्ट ही गो’ याचे ‘आय सजेस्ट दॅट ही गो’ असे करता येते. ‘आय मेड हिम गो’ यात ‘दॅट’ कोठेही घालता येत नाही.

तिसरी कसोटी कर्मणी प्रयोगाची. ‘मेक’, ‘सी’, ‘हिअर’ यांचा कर्मणी प्रयोग केला, की केवल तुमंताला ‘टू’ लागतो. ‘दे मेड हिम गो’ याचे ‘ही वॉज मेड टू गो’ असे होते. ‘टू’ लागतो याचा अर्थ मूळचे रूप तुमंतच होते. संभावनार्थी वाक्याचा कर्मणी प्रयोग केला, तर ‘इट वॉज सजेस्टेड दॅट ही गो’ असे होते. गौण वाक्य अबाधित राहते व ‘टू’ येत नाही. ही कसोटी सर्व क्रियापदांना मात्र लागू पडत नाही. ‘लेट’चा कर्मणी प्रयोग मर्यादित आहे आणि ‘ही वॉज लेट गो’ यात ‘टू’ येत नाही.

चौथी कसोटी ‘बी’ची. ‘यू’, ‘वी’, ‘दे’ या कर्त्यांपुढे स्वार्थ व संभावनार्थ यांत सामान्य क्रियापदाचे रूप एकच असते. ‘आय सजेस्ट यू गो’ यात ‘गो’ कोणते, हे रूपावरून कळत नाही. तेथे ‘बी’ घालून ‘आय सजेस्ट यू बी रेडी’ असे म्हणता येते. ‘आर रेडी’ म्हटल्यास मागणीचा अर्थ राहत नाही. यावरून तेथील रूप संभावनार्थाचे ठरते. पण ‘बी’ हे तुमंताचेही रूप असल्यामुळे ही कसोटी स्वार्थ वगळण्यापुरतीच उपयोगी आहे. तुमंत वगळण्यासाठी पुन्हा विभक्तीच्या कसोटीकडे यावे लागते.

नकाराचे स्थानही असेच स्वार्थ वगळण्यास उपयोगी पडते. स्वार्थात ‘दॅट ही डज नॉट गो’ असे होते. संभावनार्थात ‘डू’ न येता ‘दॅट ही नॉट गो’ असे होते.

भाषांतरातूनही भेद स्पष्ट होतो. इंग्रजी आदेशपर संभावनार्थाचे मराठीत ‘जावे’, ‘व्हावे’, ‘करावे’ असे विध्यर्थी रूपांतर होते. केवल तुमंताचे रूपांतर ‘जाऊ’, ‘जायला’, ‘जाताना’ अशा धातुसाधितांनी होते. ही स्वतंत्र कसोटी नव्हे. निष्कर्षाचा पडताळा म्हणून तिचा उपयोग करावा.

फसवी स्थळे : सर्वांत मोठा घोटाळा ‘शुड’मुळे होतो. ‘आय इन्सिस्ट दॅट ही शुड गो’ हे वाक्य अर्थाने ‘आय इन्सिस्ट दॅट ही गो’ याच्याशी समान आहे. परंतु पहिल्यातील ‘गो’ हे ‘शुड’ या साहाय्यकानंतरचे केवल तुमंत आहे व दुसऱ्यातील ‘गो’ हे संभावनार्थाचे आख्यात आहे. यावरून दुसरे वाक्य पहिल्यातील ‘शुड’ गाळून झाले आहे व म्हणून त्यातील ‘गो’ही तुमंतच आहे, असे स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते. इतिहास त्याच्या विरुद्ध आहे. अशा गौण वाक्यांत प्राचीन इंग्रजीत सप्रत्यय संभावनार्थ येत असे. तुमंताचा ‘अन’ हा प्रत्यय त्याला नव्हता. साहाय्यकाची रचना त्याच्या जोडीने वाढत गेली. दोन्ही रचना एकमेकींच्या पर्याय आहेत. एक दुसरीचा संक्षेप नव्हे.

आशीर्वादाच्या वाक्यांतही हेच दिसते. ‘गॉड ब्लेस यू’ यात ‘ब्लेस’ हा संभावनार्थ आहे. ‘मे गॉड ब्लेस यू’ यात संभावनेचा भार ‘मे’ने उचलला असून ‘ब्लेस’ हे केवल तुमंत आहे. अर्थ एकच असूनही व्याकरण वेगळे, याचे हे चांगले उदाहरण होय.

‘लेट’ची रचना याच्या उलट दिशेने फसविते. ‘लेट अस गो’ म्हणजे ‘आपण जाऊ या’ यात प्रेरणेचा भाव असल्यामुळे ‘गो’ संभावनार्थी वाटते. परंतु कर्ता ‘अस’ असा द्वितीयेत आहे. ‘लेट’ हे आज्ञार्थी क्रियापद असून ‘गो’ हे त्याच्यावर अवलंबून असलेले केवल तुमंत आहे. बायबलच्या लॅटिन भाषांतरात ‘प्रकाश होवो’ या अर्थी येणाऱ्या ‘फिआत लूक्स’ या वचनातील ‘फिआत’ हा खरा संभावनार्थ आहे. त्याच आशयाच्या ‘लेट देअर बी लाइट’ या इंग्रजी रचनेत मात्र ‘बी’ हे ‘लेट’नंतरचे तुमंत आहे. मूळ भाषेत संभावनार्थ आहे एवढ्यावरून भाषांतरातही तो असेलच असे नाही.

‘वुड रादर’नंतर दोन्ही शक्यता असतात. ‘आय वुड रादर गो’ यात स्वतंत्र कर्ता नाही, म्हणून ‘गो’ हे केवल तुमंत. ‘आय वुड रादर ही वेंट’ यात दुसरा, प्रथमान्त कर्ता आल्याबरोबर आख्यात येते. ते बहुधा भूतकाळी रूपात असते. क्वचित ‘ही गो’ असा संभावनार्थही आढळतो.

‘समबडी ओपन द डोअर’ म्हणजे ‘कोणीतरी दार उघडा’ यात तृतीय पुरुषी कर्त्यापुढे ‘स्’ नसला तरी हे वाक्य प्रत्यक्ष समोरच्यांना उद्देशून आहे. म्हणून ते आज्ञार्थी मानतात.

अर्थभेदाचे महत्त्व : संभावनार्थ व स्वार्थ यांतील फरकामुळे वाक्याचा आशय बदलतो. ‘द कमिटी इन्सिस्ट्स दॅट ही रिसाइड्स इन मुंबई’ म्हणजे ‘तो मुंबईत राहतो असे समितीचे ठाम म्हणणे आहे’. ‘द कमिटी इन्सिस्ट्स दॅट ही रिसाइड इन मुंबई’ म्हणजे ‘त्याने मुंबईत राहावे असा समितीचा आग्रह आहे’. पहिले विधान असून ते खरे किंवा खोटे ठरू शकते. दुसरी अट असून ती पाळली वा मोडली जाऊ शकते. दोहोंत अंतर एका ‘स्’चे आहे. ‘रिसाइड’ला तुमंत समजून त्याला ‘स्’ जोडणारा लेखनिक अटीचे रूपांतर विधानात करतो. कर्ता ‘दे’ असेल, तर ही खूणही उरत नाही व ‘दॅट दे रिसाइड इन मुंबई’ हे वाक्य दोन्ही अर्थांनी वाचता येते. म्हणून करार, मृत्युपत्र, नियमावली यांचा मसुदा करताना अशा जागी ‘शुड’ किंवा ‘शॅल’ घालून संदिग्धता टाळणे, अथवा ‘बी’ येईल अशी कर्मणी रचना करणे श्रेयस्कर ठरते.

विधिमंडळांच्या व सभांच्या भाषेत संभावनार्थ आजही जिवंत आहे. भारतीय संसदेच्या अधिनियमांच्या आरंभी येणाऱ्या ‘बी इट इनॅक्टेड बाय पार्लमेंट’ या अधिनियमन सूत्रातील ‘बी’ हा संभावनार्थ आहे. लोकसभेत मांडल्या जाणाऱ्या ‘दॅट द बिल बी पास्ड’ या प्रस्तावातील ‘बी’ही तोच. त्याचा आशय ‘विधेयक संमत करण्यात यावे’ असा आहे. ‘इज पास्ड’ असे म्हटले, तर तो प्रस्ताव न राहता निष्पन्न झालेल्या घटनेचे निवेदन होईल. सहकारी संस्थेच्या वा शाळेच्या समितीच्या इंग्रजी इतिवृत्तात ‘रिझॉल्व्ड दॅट ... बी ...’ असा जो साचा वापरतात, तोही याच जातीचा आहे.

व्याकरणकारांची मते : १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ व १७९५ मध्ये लिंडली मरी यांनी लिहिलेली इंग्रजी व्याकरणे दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. मरी यांनी अर्थांचे पाच प्रकार सांगितले असून त्यांत संभावनार्थाबरोबर तुमंतालाही एका ‘अर्था’चे स्थान दिले आहे. लॅटिन व्याकरणाच्या अनुकरणातून आलेल्या या वर्गीकरणामुळे दोहोंतील मूलभूत भेद झाकला गेला : संभावनार्थ हे आख्यात आहे, तर तुमंत हे आख्यात नाही. भारतातील शाळांत पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या रेन व मार्टिन यांच्या व्याकरणात स्वार्थ, आज्ञार्थ व संभावनार्थ असे तीनच अर्थ मानले असून तुमंताचा विचार स्वतंत्रपणे केला आहे.

विसाव्या शतकात वेगळा प्रश्न पुढे आला. जेथे रूप वेगळे नाही तेथे अर्थ वेगळा मानावा काय? डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी १९२४ मधील आपल्या ग्रंथात, रूपात दिसत नाहीत असे अर्थभेद व्याकरणात मानू नयेत, अशी भूमिका घेतली. रॉडनी हडल्स्टन व जेफ्री पुलम यांच्या २००२ मधील केंब्रिज व्याकरणात तीच दिशा अधिक काटेकोरपणे पुढे नेली आहे. त्यांच्या मते ‘गो’ हे क्रियापदाचे एकच मूलरूप असून आज्ञार्थ, संभावनार्थ व तुमंत या त्याच्या तीन रचना आहेत. संभावनार्थ हा रूपाचा नव्हे, तर वाक्यप्रकाराचा भेद होय. हे मत स्वीकारले, तरी भेद नष्ट होत नाही. तो रूपविचारातून वाक्यविचारात जातो. संभावनार्थी वाक्य ‘दॅट’ घेते व त्याचा कर्ता प्रथमेत असतो. म्हणून त्याला आख्यातयुक्त वाक्यांतच गणतात, तुमंतवाक्यांत नव्हे.

सद्यःस्थिती : एच्. डब्ल्यू. फाउलर यांनी १९२६ मधील आपल्या इंग्रजी प्रयोगकोशात, मोजकी स्थाने वगळता संभावनार्थ मरणपंथास लागला आहे, असा अभिप्राय दिला होता. आदेशपर संभावनार्थाच्या बाबतीत तो खरा ठरला नाही. अमेरिकन इंग्रजीत विसाव्या शतकात त्याचा वापर वाढला व तेथून ब्रिटिश इंग्रजीवरही त्याचा प्रभाव पडला. १९६१ मधील अमेरिकन व ब्रिटिश मुद्रित मजकुराचे प्रत्येकी सुमारे १० लाख शब्दांचे ब्राउन व लँकेस्टर-ऑस्लो-बर्गेन हे दोन संग्रह ताडून पाहिले असता, अशा गौण वाक्यांत अमेरिकन लेखकांचा कल संभावनार्थाकडे व ब्रिटिश लेखकांचा कल ‘शुड’च्या रचनेकडे असल्याचे आढळते. ब्रिटिश वापरात तर ‘दे रेकमेंडेड दॅट ही गोज’ असा स्वार्थही चालतो. अमेरिकन वाचकाला तो खटकतो, तर पुष्कळ ब्रिटिश वाचकांना ‘ही गो’ हे रूप अतिऔपचारिक वाटते. भारतीय वाचकासमोर दोन्ही परंपरांतील लेखन येत असल्यामुळे, एकाच आशयाच्या वाक्यात तीन निरनिराळी व्याकरणिक रूपे त्याला भेटतात : संभावनार्थातील ‘ही गो’, स्वार्थातील ‘ही गोज’ आणि ‘ही शुड गो’ यातील केवल तुमंत. त्यांपैकी तिसऱ्यातच ‘गो’ हे तुमंत आहे.